फंक्शनल झटके: उपचाराचा गुण आला, हे कसे ओळखाल?

फंक्शनल न्यूरोलॉजिकल डिसऑर्डरमधील झटके खरेच येतात, रुग्ण नाटक करत नसतो. मात्र अपस्मारासारखा मेंदूतील विद्युत बिघाड त्यामागे नसतो. गुण पाहायचा म्हणजे झटके मोजायचे, असे आपण धरून चालतो.

ब्रिटनमधील ‘कोड्स’ चाचणीत ३६८ रुग्ण होते. निष्कर्ष २०२० मध्ये आले. नेहमीच्या उपचारांना सीबीटी या मानसोपचाराची जोड मिळालेल्या गटात वर्षभरानंतर महिन्याचे झटके दुसऱ्या गटापेक्षा लक्षणीय कमी नव्हते. पण झटक्यांचा जाच कमी झाला होता, रोजचे व्यवहारही सुधारले होते. माझ्या मते हे यश लहान नाही.

म्हणून डायरीत झटक्यांसोबत कामावर गेलेले दिवस, भीतीने टाळलेली कामे आणि झोपही लिहा. पुढच्या भेटीत ती डॉक्टरांना दाखवा.