छावणीतला अंडरकट

सकाळी बड्याच्या दुकानात आकड्याला लटकलेल्या मांसाकडे नीट पाहिलं, तर जनावर ओळखता येतं. चरबी पांढरीशुभ्र असेल तर म्हैस किंवा रेडा. गायीबैलांची चरबी पिवळसर, कारण चाऱ्यातलं कॅरोटीन त्यांच्या चरबीत साठतं. म्हैस ते जवळपास सगळं अ जीवनसत्त्वात बदलून टाकते. मार्च 2015 पासून राज्यात बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली. तेव्हापासून इथला स्टेक म्हणजे म्हशीचाच. गडद तांबडं मांस, चरबी बेताची. परदेशी व्हिडिओंत दिसतात त्या पांढऱ्या रेषा यात शोधू नयेत. निवड चुकली तर पुढे शेगडीवर काहीही करा, चप्पल चावायची तयारी ठेवायची.

म्हणून अंडरकट मागायचा. पाठीच्या कण्याखाली आतल्या बाजूला हा लांबट स्नायू असतो. चालण्याफिरण्यात त्याला फारसं काम पडत नाही, त्यामुळे तो मऊ राहतो. दुकानातल्या चाचांनी तो ठोकळ्यावर आडवा टाकला आणि वरचा चकचकीत पांढरा पापुद्रा सोलायला घेतला. सुरीचं टोक पापुद्र्याखाली घातलं, पातं किंचित वर कललेलं ठेवलं, दुसऱ्या हाताने पापुद्रा ताणून धरला आणि सुरी सरळ पुढे सरकवली. मांसाचा कण वाया गेला नाही. हा पापुद्रा राहिला तर तव्यावर आकसतो आणि तुकडा वाटीसारखा वर उचलला जातो. मग कडा करपतात, मध्य कच्चा.

“पसंदे बनाऊं?” त्यांनी सवयीने विचारलं. पसंदे रानाच्या, म्हणजे मांडीच्या मांसाचे. पातळ उलगडून सुरीच्या पाठीने ठोकलेले, कच्ची पपई लावलेले. पपईतलं पेपेन मांसाचे तंतू तोडतं, पण हात जड झाला तर लगदा होतो. अंडरकटला पपईची गरजच नाही. दीड इंच जाडीचे तुकडे घेतले. पातळ तुकडा खरपूस होईपर्यंत आतून वाळलेला असतो.

आमच्या शहराचा मानाचा पदार्थ नान-कलिया. तो फौजेचा, त्याचं नातं थेट तुघलकाच्या लष्कराशी सांगतात. पण तो देगेत निवांत शिजणारा, चिवट मांसालाही सांभाळून घेणारा. स्टेकचा हिशेब मिनिटांचा. इथली छावणी निजामाच्या कंटिंजंटची होती, गोऱ्या अधिकाऱ्यांच्या हुकमतीखालची. साहेबांच्या टेबलावर दोन्ही पदार्थ येत असावेत, हा आपला माझा तर्क.

घरी कोळशाची शेगडी. ज्वाळा बसून निखाऱ्यांवर राखेचा पातळ थर आला की जाळी ठेवायची. मांस आधी पुसून कोरडं करायचं, कारण ओल उडून जाईपर्यंत रंग चढत नाही. पृष्ठभाग साधारण 140 अंश सेल्सिअसच्या वर गेला की तांबूस कवच धरतं आणि तो ओळखीचा खमंग वास सुटतो. त्या प्रक्रियेला फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ माइयारचं नाव आहे, त्याने ती 1912 साली मांडली. मीठ मात्र तासभर आधी किंवा अगदी आयत्या वेळी. मधल्या वेळी लावलं तर पाणी सुटतं आणि तेच पृष्ठभागावर राहतं.

स्टेक एकदाच उलटायचा, असं बरेच जण छातीठोकपणे सांगतात. मला पटत नाही. दर अर्ध्या मिनिटाला उलटला तर उष्णता दोन्हीकडून सारखी जाते आणि आतला कोरडा, राखाडी पट्टा कमी होतो. चरबी कमी असलेल्या मांसाला तर याचा फारच फायदा. टोचायचा थर्मामीटर घ्यावा, बोटाने दाबून अंदाज बांधणं सरावाचं काम आहे. 63 अंशांवर उतरवून किमान तीन मिनिटं ताटात तसाच ठेवावा, तोवर लिंबू आणि कांदा चिरून होतो.

कापताना तंतूंची दिशा पाहून आडवं कापायचं. अंडरकटचं निमुळतं शेपूट जाळीवर ठेवू नये, ते क्षणात करपतं. त्याच्या बारीक फोडी करून संध्याकाळी हिरव्या मिरचीत परतायच्या; आमच्या घरात त्याच आधी संपतात.