व्हिएतनामी तोंडी इंग्रजी ‘गेट’

व्हिएतनाममध्ये २०२२ साली तरुण पोरांच्या तोंडी एक आरोळी बसली होती : ‘गेट गो!’ समाजमाध्यमांवरून ती बघता बघता देशभर पोचली. मूळ इंग्रजी ‘लेट्स गो’. त्यातला ‘स’ गळाला, कारण व्हिएतनामी शब्दाच्या शेवटी ‘स’ कधी येतच नाही. शेवटी येतात ते प, त, क किंवा अनुनासिकं, आणि प-त-क तर तोंडातच दाबून टाकलेले. ‘ल’च्या जागी ‘ग’ आला आणि चलण्याची हाक इंग्रजीतल्या सगळ्यात राबत्या क्रियापदासारखी ऐकू यायला लागली. ‘गेट’च्या अगदी जवळचा उच्चार असलेला त्यांचा स्वतःचाही एक शब्द आहे. त्याचा अर्थ तिटकारा वाटणं.

हे गेट म्हणजे फाटक नव्हे, ‘मिळणं’वालं. इंग्रजीत भेट मिळाली की गेट, थकलो की गेट, घरी पोचलो, विनोद कळला, पाणी आणून दिलं, केस कापून घेतले, सगळीकडे गेटच. व्हिएतनामीत या प्रत्येकाला वेगळा शब्द किंवा वेगळी रचना लागते. त्यामुळे तिथल्या मुलांना हे क्रियापद बहुतेकदा तक्त्यासारखं शिकवलं जातं : डावीकडे ‘गेट’, उजवीकडे दहा-बारा व्हिएतनामी अर्थ, आणि घोका. या पद्धतीवर माझा खरोखरच राग आहे, कारण या क्रियापदाचं मर्म त्या मुलांच्या मातृभाषेत आधीपासून आहे आणि तक्ता नेमकं तेच झाकून टाकतो.

इंग्रजीला तिथे आज केवढं वजन आहे ते आधी पाहू. १९८६च्या ‘दोई मोई’ म्हणजे आर्थिक सुधारणांआधी शाळांत रशियनचा जोर होता. नंतर पर्यटन, परकी कारखाने आणि व्यापार आले, त्यांच्यामागून इंग्रजी आली. २०१८च्या अभ्यासक्रमाने तिसरीपासून परकी भाषा सक्तीची केली. ती बहुतेक शाळांत इंग्रजीच. इंग्रजीला हळूहळू शाळांतली दुसरी भाषा करायचं, असं सत्ताधारी पक्षाच्या पॉलिटब्यूरोने २०२४ मध्ये ठरवलं.

लिपीही मुलांना परकी नाही. व्हिएतनामी रोमन अक्षरांत लिहिली जाते. सतराव्या शतकातल्या जेझुइट पाद्र्यांनी ही लेखनपद्धती घडवली आणि त्यांच्यातल्या अलेक्झांडर द ऱ्होड्सचा व्हिएतनामी-पोर्तुगीज-लॅटिन कोश १६५१ साली रोममध्ये छापला गेला. पूर्वेकडे जाताना हा ऱ्होड्स आधी गोव्यात राहिला होता. तिथे फादर स्टीफन्सचं मराठी ‘क्रिस्तपुराण’ काही वर्षांपूर्वीच, १६१६ मध्ये, रोमन अक्षरांत छापलेलं होतं. तेव्हा अक्षरं ओळखीची आहेत. अडतं ते व्याकरणाशी. व्हिएतनामी क्रियापद कधीच रूप बदलत नाही. काल, आज, उद्या दाखवायला त्याच्या आधी एक छोटा शब्द ठेवला की झालं, तोही अनेकदा नसला तरी चालतं. तिथून आलेल्या मुलाला ‘गेट’, ‘गेट्स’, ‘गॉट’ आणि अमेरिकेतलं ‘गॉटन’ वेगवेगळं का म्हणायचं ते पटायलाच वेळ लागतो.

आता त्या मातृभाषेतल्या मर्माकडे. व्हिएतनामीत ‘दुअक’ असा साधारण उच्चार असलेला एक शब्द आहे. (सूर देवनागरीत दाखवता येत नाहीत; तिथल्या उत्तरेच्या बोलीत ते सहा आहेत.) दुअक म्हणजे मिळणं. ‘लाम’ म्हणजे करणं, तर ‘लाम दुअक’ म्हणजे करायला जमणं. ‘खेन’ म्हणजे कौतुक करणं, तर ‘दुअक खेन’ म्हणजे कौतुक वाट्याला येणं. नुसतं ‘दुअक’ म्हटलं की ‘चालेल’. आणि ‘गाप’ म्हणजे भेटणं, तर ‘दुअक गाप’ म्हणजे भेटायला मिळणं. शेवटचं उदाहरण मराठी माणसाने जरा थांबून पाहावं. ‘मला त्यांना भेटायला मिळालं’ हे आपण म्हणतो, व्हिएतनामी माणूस दुअक लावून म्हणतो, इंग्रज ‘आय गॉट टु मीट देम’ म्हणतो. एकमेकींशी कसलंही नातं नसलेल्या दोन भाषा आणि तिसरी आपली, तिघींनी ‘संधी लाभली’ हे सांगायला ‘मिळणं’च वापरलं आहे. शिकवणाऱ्याने इथून सुरुवात केली तर मुलाला घोकावं काय लागेल?

पण दुअक फक्त चांगल्याचा. वाईट घडलं की ‘बी’ हा शब्द येतो. दंड झाला तर ‘बी फात’, आजारी पडलो तर ‘बी ओम’, वाट चुकलो तर ‘बी लाक’, भिजलो तर ‘बी उअत’. या चारही ठिकाणी इंग्रजीत गेट चालतं आणि बढती मिळाली तरी तेच गेट चालतं. म्हणजे इंग्रजी माणूस सुख-दुःख एकाच क्रियापदात घालून मोकळा होतो आणि व्हिएतनामी माणसाला तोंड उघडण्याआधी ठरवावं लागतं की झालं ते बरं की वाईट. एखाद्याची बदली झाली हे आपण काही न सुचवता सांगू शकतो. व्हिएतनामीत दुअक लावला तर ती हवी होती, बी लावला तर गळ्यात पडली. ‘गेट = दुअक किंवा बी’ ही एक ओळ तक्त्यातल्या निम्म्या रकान्यांचं काम करते.

खरा सापळा ‘टु’च्या आसपास आहे. ‘आय गॉट टु गो’ म्हणजे मला जायला मिळालं. ‘आय हॅव गॉट टु गो’ म्हणजे मला गेलंच पाहिजे, आणि त्याला व्हिएतनामीत दुअक नव्हे तर ‘फाय’ लागतो. बोलताना त्या ‘हॅव’चा उरतो एक ओठांना दात टेकवून काढलेला ‘व्ह’, आणि पुष्कळदा तोही उडतो. शेवटची व्यंजनं दाबायची सवय असलेल्या कानाला तो ऐकू येणं महाकठीण. चैन आणि सक्ती यांतला फरक एवढ्याशा ध्वनीवर येऊन ठेपतो. हे वर्गात मोठ्याने, पुन्हा पुन्हा ऐकवायला हवं. कागदावर ते कळत नाही.

केसांचंही तसंच. व्हिएतनामी माणूस न्हाव्याकडे निघाला की ‘दी कात तोक’ म्हणतो, शब्दशः ‘जातो कापतो केस’. तेच इंग्रजीत उतरवलं की ऐकणाऱ्याला वाटतं, हा स्वतःच कात्री चालवणार. आपणही ‘केस कापायला चाललोय’ असंच म्हणतो. मात्र आपल्याकडे ‘कापून घेणं’ आहे, ते गेटच्या रचनेला नेमकं बसतं.

‘गेट’ला शेपट्या लागतात तिथे मुलं सगळ्यात घाबरतात : ऑन, ऑफ, इन, आउट, ओव्हर. परीक्षेतल्या चार पर्यायांपैकी एक निवडायच्या प्रश्नांत हे हमखास असतं. वास्तविक व्हिएतनामीत दिशा दाखवणारे शब्द क्रियापदामागे सतत येतात. ‘लेन’ वर, ‘सुओंग’ खाली, ‘व्हाओ’ आत, ‘रा’ बाहेर, ‘क्वा’ पलीकडे. गाडीत चढणं म्हणजे ‘लेन से’, उतरणं म्हणजे ‘सुओंग से’. दुःखातून किंवा अडचणीतून पार होणं म्हणजे ‘व्हुअत क्वा’, ओलांडून पलीकडे; गेटला ‘ओव्हर’ जोडल्यावर नेमकं हेच होतं. अर्थ शेपटीत आहे, गेट फक्त हलतं. हे एकदा दाखवलं की निम्मी भीती जाते.

वाक्प्रचारांची मजा निराळी. एखादं काम अंगवळणी पडलं की इंग्रजीत त्याचा ‘हँग’ गेट करतात. व्हिएतनामीत ‘क्वेन ताय’, हाताला सवय झाली. आपला हात बसतो. ऐनवेळी धीर सुटला की इंग्रजाचे पाय थंड पडतात, व्हिएतनामी माणसाचं पाऊल अडखळतं, आपण पाय मागे घेतो. मनावरचं ओझं इंग्रज छातीवरून उतरवतो. व्हिएतनामी माणूस मनातल्या गोष्टींचा भोपळा ओततो, आणि हा भोपळा म्हणजे पाणी-दारू साठवायचा वाळवलेला तुंबा. चोरी पचण्याला मात्र इंग्रजीत ‘गेट’, ‘अवे’ आणि ‘विथ’ असे तीन शब्द जोडतात. तिथे ना दुअक उपयोगी पडतो ना बी, ना दिशेचा कुठला शब्द. तो एक वाक्प्रचार मुलांना निमूट पाठच करावा लागतो.