भूमीतील धन आणि धातुशोधक यंत्र



पुरलेल्या धनाची कथा ज्या गावात सांगितली जात नाही, असे गाव आपल्या मुलखात विरळाच. कोठे पडक्या गढीखाली सात रांजण, कोठे जुन्या वडाच्या बुंध्याशी मोहरांचा हंडा, तर कोठे त्या हंड्यावर वेटोळे घालून बसलेला नाग. आजीने सांगावी आणि नातवंडांनी पांघरूण डोक्यावर ओढून ऐकावी अशी ती कथा. अलीकडे मात्र या कथेच्या हाती एक यंत्र आले आहे. २०२५ च्या फेब्रुवारीत ‘छावा’ हा चित्रपट प्रदर्शित झाला आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत मध्य प्रदेशातील बऱ्हाणपूर जिल्ह्यात, असीरगड किल्ल्याच्या पायथ्याची शेते रात्री विजेऱ्यांच्या उजेडाने चमकू लागली. मोगलांच्या मोहरा तेथे पुरल्या आहेत अशी वार्ता उठली होती. कुदळ, फावडे, चाळण्या आणि धातुशोधक यंत्रे घेऊन माणसे दुसऱ्यांची शेते उकरीत होती.

नंदिगड्ड्याच्या आसपासच्या तरुणांकडूनही, ‘फादर, यांतले कोणते यंत्र चांगले?’ अशी पृच्छा होत असते. प्रश्न विचारणाऱ्यास धुडकावून लावणे उचित नव्हे. म्हणून प्रथम यंत्रांची तुलना करू आणि मग त्या तुलनेत न बसणाऱ्या एका गोष्टीचा विचार करू.

यंत्राचा जन्म

१८८१ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफील्ड यांच्यावर एका माथेफिरूने गोळ्या झाडल्या. एक गोळी शरीरात कोठे रुतली हे डॉक्टरांना उमगेना. तेव्हा टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी विजेच्या साहाय्याने धातू हुडकणारे एक उपकरण सिद्ध केले. उपकरण खरे होते, पण रुग्णाच्या गादीत पोलादी स्प्रिंगा होत्या. शिवाय उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी केवळ उजवी बाजूच तपासू दिली, आणि गोळी होती डावीकडे. त्याच वर्षी १९ सप्टेंबरला गारफील्ड निवर्तले. यंत्र उत्तम असूनही सभोवतालच्या लोखंडाने ते कसे फसते, याचा हा पहिला धडा होय.

पुढे १९४१ मध्ये युझेफ कोसात्स्की या पोलिश अधिकाऱ्याने जमिनीतील सुरुंग शोधणारे यंत्र घडविले आणि १९४२ च्या एल अलामीनच्या लढाईत ते सैनिकांच्या उपयोगी पडले. आज हौशी लोक नाणी शोधण्यासाठी वापरतात ती यंत्रे याच कुळातील आहेत. या विद्येची ही दोन्ही आरंभीची उदाहरणे धनलोभाची नसून माणसाचे प्राण वाचविण्याची आहेत, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

यंत्रांचे प्रकार

सर्व यंत्रांचे तत्त्व एकच. दांड्याच्या टोकाशी तारेचे एक वेटोळे असते. त्यास कॉइल म्हणतात. त्यातून बदलता वीजप्रवाह सोडला की भोवती चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. ते जमिनीतील धातूला भिडले की धातूतही सूक्ष्म प्रवाह भोवऱ्यासारखे फिरू लागतात, आणि त्यांचा पडसाद यंत्र टिपते. भेद आहे तो पडसाद टिपण्याच्या रीतीत.

पहिला प्रकार एकाच वारंवारतेवर चालणाऱ्या यंत्रांचा. अमेरिकेच्या गॅरेट कंपनीचे ‘एस २५०’ हे यंत्र सेकंदास साडेसहा हजार आवर्तनांवर चालते, तर त्याच कंपनीचे ‘ए.टी. प्रो’ पंधरा हजारांवर. कमी वारंवारता चांदीची व तांब्याची मोठी नाणी जरा खोलवर पाहते. अधिक वारंवारता बारीक सोने बरे ओळखते. ही यंत्रे लोखंड व इतर धातू यांत भेद करू शकतात, आणि नवशिक्याला तीच सोयीची.

दुसरा प्रकार अनेक वारंवारता एकाच वेळी सोडणाऱ्या यंत्रांचा. ऑस्ट्रेलियाच्या मायनलॅब कंपनीचे २०१८ साली आलेले ‘इक्विनॉक्स’ हे त्यांपैकी एक. निरनिराळ्या वारंवारतांचे पडसाद ताडून पाहिल्यामुळे मातीचा गोंगाट कोणता आणि धातूचा आवाज कोणता, हे यास अधिक नेमके कळते.

तिसरा प्रकार ठोक्याठोक्याने प्रवाह सोडणाऱ्या, म्हणजे पल्स पद्धतीच्या यंत्रांचा. मायनलॅबची ‘जी.पी.एक्स.’ मालिका या जातीची. लोहयुक्त मातीतही ही खोलवर शोध घेतात. परंतु लोखंड वेगळे काढण्यात ती उणी पडतात. एका दिवसात पन्नास खिळे खणून काढण्याची तयारी असेल त्यानेच ती हाती धरावी.

चौथा प्रकार दांड्याच्या दोन टोकांस दोन पेट्या असलेल्या यंत्रांचा. त्यांस सुटे नाणे दिसतच नाही. हंडा किंवा पेटीएवढी वस्तू मात्र कंबरभर खोलीवरही सापडू शकते.

किमती काही हजारांपासून काही लाखांपर्यंत आहेत. मात्र किंमत कितीही असो, सुटे नाणे सहसा वीतभर खोलीपलीकडे ऐकू येत नाही. दुसरी अडचण अशी की सोन्याची बारीक अंगठी आणि ॲल्युमिनियमचा चुरगळलेला कागद यांचा आवाज बहुधा सारखाच येतो. जत्रेच्या मैदानात शंभरदा वाकले तर नव्वदांहून अधिक वेळा हाती कचराच येणार.

आपली तांबडी माती

यंत्रांच्या जाहिराती पाश्चात्त्य देशांतील काळ्याभोर, मऊ जमिनींवर आधारलेल्या असतात. आपली जमीन जांभ्याची. तिचा तांबडा रंग लोहाच्या संयुगांचाच रंग आहे. पहिल्या प्रकारचे यंत्र अशा मातीत पावलोपावली खोटे ओरडते. ओरड बंद करावी म्हणून त्याची संवेदनशक्ती कमी केली की वीतभर खोली चार बोटांवर येते. म्हणून केवळ गुणांची तुलना करावयाची तर आपल्या भागास दुसऱ्या प्रकारचे यंत्र त्यातल्या त्यात मानवेल, असे म्हणता येईल.

पण ते चालवावयाचे कोठे? आपल्या जोयडा तालुक्यात रान फार, आणि त्यातील मोठा भाग काळी व्याघ्र प्रकल्पात येतो. अभयारण्यात परवानगीवाचून पाऊल टाकणेही गुन्हा, मग खणणे दूरच. केंद्र सरकारने संरक्षित केलेल्या प्राचीन स्मारकांच्या भोवती शंभर मीटरपर्यंतचे क्षेत्र निषिद्ध आहे, आणि स्मारकाची नासधूस करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. उरली खाजगी शेते. तेथे मालकाची संमती हवी.

न बोलणारी यंत्रे

बाजारात आणखी एक प्रकार आहे, आणि त्यापासून आपल्या तरुणांनी विशेष सावध असावे. हातात धरलेल्या मुठीवर एक लवचीक ॲन्टेना. ती आपोआप वळून अर्ध्या कोसावरचे सोने दाखविते, असा विक्रेत्याचा दावा असतो. वस्तुतः ती वळते ती धरणाऱ्याच्या मनगटाच्या नकळत होणाऱ्या हालचालीने. अशाच जातीचे ‘ए.डी.ई. ६५१’ नावाचे उपकरण एका इंग्रज व्यापाऱ्याने बॉम्ब शोधण्याचे यंत्र म्हणून इराकला विकले. त्याच्या आत धातू शोधणारे काहीच नव्हते. त्या भरवशावर कित्येक तपासणी नाके राहिली. २०१३ साली त्या व्यापाऱ्यास दहा वर्षांची शिक्षा झाली. सोने दाखविणाऱ्या अशा काडीसाठी कोणी कर्ज काढू नये, की बायकोचे मणी गहाण टाकू नयेत.

याच जातीचा दुसरा सौदागर म्हणजे गुप्तधन दाखविणारा मांत्रिक. गुप्तधनाच्या नावाखाली केलेली अघोरी कृत्ये महाराष्ट्रात २०१३ च्या आणि कर्नाटकात २०१७ च्या कायद्याने दंडनीय ठरली आहेत. २०१३ सालीच उत्तर प्रदेशात डौंडिया खेडा येथे एका साधूला स्वप्नात हजार टन सोने दिसले आणि सरकारी पुरातत्त्व खात्याने तेथे खोदकाम केले. मिळाली ती खापरे, हाडे आणि काचेच्या बांगड्यांचे तुकडे. ज्यांच्यापाशी सर्व साधने होती त्यांची ही गत; मग आपली काय कथा?

खरोखरच सापडले तर?

तरीही धन कधी कधी सापडते. ते बहुधा नांगराच्या फाळाला, पाया खणणाऱ्याच्या कुदळीला लागते. तेव्हा काय करावे? महाराष्ट्रात १८७८ चा गुप्तधनाचा कायदा लागू आहे; कर्नाटकात १९६२ चा स्वतंत्र कायदा आहे. पहिले कर्तव्य एकच: जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळविणे. १८७८ च्या कायद्यान्वये दहा रुपयांहून अधिक मोलाचे धन मिळाल्यास ही वर्दी द्यावी लागते. मालक पुढे न आल्यास आणि वेगळा करार नसल्यास सापडणाऱ्यास तीन चतुर्थांश व जमीनमालकास एक चतुर्थांश वाटा मिळतो. सरकारला ते हवे असल्यास धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा देऊन ते घेता येते. लपविणाऱ्याचा मात्र वाटा जातो, आणि वर्षभराचा कारावासही होऊ शकतो.

पुण्याजवळ चिखली येथे खोदकामात २१६ सोन्याच्या मोहरा निघाल्या. ज्यांना त्या मिळाल्या त्यांनी त्या घरी ठेवल्या. डिसेंबर २०२१ मध्ये पोलिसांनी त्या जप्त केल्या. याउलट जानेवारी २०२६ मध्ये आपल्या राज्यातील गदग जिल्ह्यात, लक्कुंडी येथे, घराचा पाया खणताना एका सामान्य कुटुंबास तांब्याच्या पात्रात साडेचारशे ग्रॅमहून अधिक सोन्याचे दागिने मिळाले. त्यांनी ते शासनाच्या स्वाधीन केले आणि शासनाने त्यांचा गौरव केला. दोन्ही घरे कष्टकऱ्यांचीच. एका घरात सोने आले आणि भय आले. दुसऱ्या घरातून सोने गेले आणि मान राहिला.

यंत्राने धन शोधणाऱ्यांच्या इंग्लंड देशीही हेच दिसते. तेथे २००९ साली स्टॅफर्डशायरमधील एका शेतात जुन्या यंत्राने शोध घेणाऱ्यास सुमारे तेराशे वर्षांपूर्वीचा साठा मिळाला. त्यात साडेतीन हजारांहून अधिक वस्तू होत्या, आणि त्यांत घडी घातलेला सोन्याचा एक क्रूसही होता. त्याने रीतसर कळविले. मोबदला त्याला आणि शेतमालकाला सारखा वाटून मिळाला. २०१५ साली लेमिन्स्टरजवळ दुसऱ्या दोघांना असाच साठा गवसला. त्यांनी तो लपवून गुपचूप विकण्यास आरंभ केला. २०१९ मध्ये एकास दहा वर्षांची, तर दुसऱ्यास साडेआठ वर्षांची शिक्षा झाली, आणि त्या साठ्यातील बहुतेक नाणी आजवर मिळालेली नाहीत.

नाणे काय बोलते

त्या हरवलेल्या नाण्यांबद्दल एवढी हळहळ कशासाठी? १९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी येथे तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. ती क्षत्रप राजा नहपान याची होती. परंतु त्यांतील नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णी याने आपला छाप पुन्हा उठविला होता. कोणी कोणास जिंकले, हे त्या नाण्यांनीच सांगितले. सोनाराने मूस तापविली असती तर चांदी मिळाली असती, महाराष्ट्राच्या इतिहासाचे एक पान मात्र वितळून गेले असते. नाणे कोठे, किती खोल, कशाशेजारी होते यावरच अभ्यासकांची भिस्त असते. यंत्राच्या आवाजासरशी ते उपटून काढणारा मनुष्य पत्र फाडून केवळ तिकीट घेणाऱ्यासारखा होय.

धन कोणाचे?

आता तुलनेत न बसणाऱ्या त्या गोष्टीकडे वळू. या चार प्रकारच्या यंत्रांत लोखंड ओळखणारे आहे, चांदी ओळखणारे आहे, खोल पाहणारे आहे. ‘हे कोणाचे?’ या प्रश्नास उत्तर देणारे एकही नाही. ते काम देवाने मनुष्याच्या विवेकबुद्धीवर सोपविले आहे.

शुभवर्तमानातील शेतात लपविलेल्या ठेवीचा दाखला आपण ऐकतो. त्या मनुष्याला ठेव सापडली, तेव्हा आपले सर्वस्व विकून त्याने ते शेत विकत घेतले. ठेव काखोटीस मारून तो रातोरात का पळाला नाही? ख्रिस्तसभेचे आचार्य संत थॉमस अक्वायनस यांनी या दाखल्याचा याच अंगाने विचार केला आहे. फार प्राचीन, ज्यास कोणी धनी नाही असे भूमिगत धन सापडणाऱ्याने घेण्यास हरकत नाही. परंतु भूमी दुसऱ्याची असेल तर नागरी कायद्याप्रमाणे तिच्या मालकाचा अर्धा वाटा त्यास द्यावा लागतो. सगळ्या ठेवीवर आपला हक्क न्यायाने पोहोचावा म्हणूनच त्या मनुष्याने शेत विकत घेतले, असे ते म्हणतात. कायद्याने ठरविलेला वाटा पाळणे हा सातव्या आज्ञेचाच भाग आहे. शेजाऱ्याच्या बांधाआड रात्री घातलेली कुदळ ही चोरीच होय, मग हाती मोहर लागो की खिळा. आणि वीरगळ उलथून पाडणे किंवा कोणाच्याही देवस्थानाची फरशी उखडणे हा शेजारधर्माचा भंग आहे. ते देवस्थान आपल्या धर्माचे नसले म्हणून पाप हलके होत नाही.

यंत्र मात्र निषिद्ध नव्हे. मळणीत सुनेचे मंगळसूत्र हरवले, अंगणात अंगठी पडली, गुरांच्या वैरणीत तारेचा तुकडा गेला, गाडलेला नळ सापडेना, तर अशा वेळी साधे यंत्र उपयोगी पडते. हरवलेल्या वस्तूंसाठी संत अंतोनीचा धावा करणाऱ्या घराने शेजाऱ्याची हरवलेली वस्तू शोधून दिली, तर तो धावा अधिक शोभेल. चार घरांनी मिळून एक यंत्र घ्यावे. कर्ज काढून एकट्याने घेऊ नये.

आणि उद्या नांगरताना जुने काही वर आलेच, तर ते घासूनपुसून चकचकीत करू नये आणि सोनाराकडे नेऊ नये. आणखी न उकरता जागेवर खूण करावी, दोन विश्वासू माणसांस साक्षी ठेवावे आणि तहसीलदार कचेरीमार्फत जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवून पोच घ्यावी. त्या रात्री आपल्याला स्वस्थ झोप लागेल, आणि आपल्या मुलांनी आपल्याला काय करताना पाहिले, हे त्यांच्या जन्मभर ध्यानात राहील. ज्याचे त्यास देण्याची बुद्धी प्रभू आपणा सर्वांस देवो.