चित्रांतलें मौन आणि पडद्यावरची धांवपळ

ब्रायन सेल्झनिक यांची ‘द इन्व्हेन्शन ऑफ ह्यूगो कॅब्रे’ ही सचित्र कादंबरी २००७ सालीं निघाली. पांचशेंहून अधिक पृष्ठांच्या या ग्रंथाचीं सुमारें निम्मीं पानें पेन्सिलीच्या चित्रांचीं आहेत. पॅरिसच्या रेल्वे-स्टेशनांत लपून राहणारा पोरका ह्यूगो तेथल्या घड्याळांची निगा राखतो. त्याच्या पळापळीचीं चित्रें पानामागून पान एकही शब्द न बोलतां सरकतात. पान उलटणारा वाचकाचा हातच त्यांना गति देतो.

मार्टिन स्कॉर्सेसी यांनीं २०११ सालीं त्यावरून ‘ह्यूगो’ हा त्रिमिति-चित्रपट काढला. त्याला मिळालेलीं पांचही ऑस्कर पारितोषिकें छायालेखन, कलादिग्दर्शन, ध्वनीचीं दोन अंगें व दृश्यचमत्कृति यांसाठीं आहेत. हा निवाडा मार्मिक आहे. स्टेशनावरील निरीक्षकाचें काम चित्रपटांत फार वाढविलें आहे. त्याच्या फजितीनें हंशा पिकतो, परंतु मुलाचें एकाकीपण त्या गलबल्यांत बुडून जातें.

उत्तरार्धांत मात्र चित्रपट पुस्तकावर मात करतो. १९०२ सालीं चंद्रावरील सफर पडद्यावर दाखविणारे जॉर्ज मेलिए पुढें मोंपार्नास स्टेशनांत खेळणीं विकीत होते, हा इतिहास आहे. त्यांच्या कृतींचें पुस्तकांत निश्चल दर्शन घडतें. पडद्यावर त्या पुन्हां सजीव होतात. विस्मृत कलावंताला याहून मोठा न्याय कोणता?

म्हणून पालकांनीं मुलांच्या हातीं आधीं पुस्तक द्यावें, चित्रपट मागाहून दाखवावा. आयती गति एकदां पाहिली, कीं स्वतःच्या मनानें चित्रें हालविण्याचा आनंद पुन्हां सहजासहजीं लाभत नाहीं.