अर्जाची मुदत आणि डोंगरातील उमेदवार

निवडणुकीची चर्चा आपल्याकडे बहुधा प्रचारापासून सुरू होते. वास्तविक मतदारापुढे कोणाची नावे यावयाची, हे त्यापूर्वीच तहसील कचेरीत दुपारी तीनच्या ठोक्याला ठरून गेलेले असते. हा ठोका सर्वांना सारखाच आहे. त्याची किंमत मात्र सर्वांना सारखी पडत नाही.

जव्हार व मोखाडा तालुक्यांतील ग्रामपंचायतींसाठी ऑक्टोबर 2022 मध्ये मतदान झाले. अर्जांसाठी 21 ते 27 सप्टेंबर ही मुदत होती. कागदावर हे सात दिवस. मधले शनिवार-रविवार वगळता पाच, आणि रोज अकरा ते तीन याप्रमाणे एकूण वीस तास. अनुसूचित क्षेत्रात सरपंचपद अनुसूचित जमातींसाठीच राखीव असते. हे संरक्षण आवश्यकच आहे. परंतु त्यामुळे जातीचा दाखला आणि वैधता प्रमाणपत्र, किंवा निदान पडताळणी समितीकडे अर्ज केल्याची पोच, प्रत्येक इच्छुकाला जमवावी लागते. वांगणीसारख्या गावातील शेतमजुराला यासाठी जव्हारच्या जितक्या खेपा पडतील, तितक्या दिवसांची मजुरी बुडते. कचेरीजवळ राहणाऱ्यास हा खर्च जाणवतही नाही.

त्यात संगणकीय अर्जाची भर पडली. डिसेंबर 2020 मध्ये राज्यातील ग्रामपंचायत निवडणुकांच्या वेळी ही यंत्रणा अडखळली, तेव्हा निवडणूक आयोगाला ऐनवेळी कागदी अर्ज स्वीकारण्याची मुभा देऊन अखेरच्या दिवशीची वेळ साडेपाचपर्यंत वाढवावी लागली. डिसेंबर 2022 मध्येही हेच घडले. आयोगाचा हेतू चांगला होता, यात शंका नाही. तथापि ऐनवेळची सवलत कचेरीच्या आवारात उभ्या असलेल्यांनाच प्रथम कळते. निराश होऊन गावची बस धरलेल्याला ती कळून उपयोग नसतो.

मग मुदतच शिथिल करावी काय? मुळीच नाही. वेळ सैल झाली की अधिकाऱ्याची मर्जी वाढते आणि मर्जीचा लाभ वजनदारांनाच होतो. शिवाय अर्ज नाकारला गेल्यास निवडणूक चालू असताना न्यायालयात दाद मागता येत नाही, हे पोन्नुस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1952 मध्येच स्पष्ट केले. दाद निकालानंतर, म्हणजे चुकलेल्या एका तासाची भरपाई पुष्कळदा पाच वर्षांनीच.

म्हणूनच ठोका कडक असावा, पण वाट आधी मोकळी करावी. कागदी अर्ज पहिल्या दिवसापासून स्वीकारावेत; मुदत कामाच्या दिवसांत मोजावी; लागणाऱ्या कागदपत्रांची यादी महिनाभर आधी ग्रामसभेत वाचून दाखवावी; आणि डोंगराळ तालुक्यांत एक दिवस तरी अर्ज मंडळाच्या गावी घ्यावेत. यास फार पैसा लागत नाही. मताचा अधिकार वांगणीपर्यंत पोहोचला आहे. उमेदवारीचा अधिकारही जव्हारच्या कचेरीत अडून न राहता तेथपर्यंत पोहोचला पाहिजे.