पाहुणा संघ, घरचे प्रेक्षक

फुटबॉलच्या वेळापत्रकात ज्या संघाचं नाव आधी छापतात तो यजमान, नंतरचा तो पाहुणा. पाहुण्या संघाच्या पाठीराख्यांना गॅलरीचा एखादा कोपरा देतात; तिथं बसून त्यांनी काय ओरडायचं ते ओरडावं. भारताचा संघ आखातात खेळायला येतो तेव्हा मात्र हा हिशेब कोलमडतो. कतारची लोकसंख्या सुमारे ३० लाख. तिच्यात मूळचे कतारी नागरिक साधारण आठात एक, आणि भारतीय जवळजवळ चारात एक. मग दोह्यातला सामना नेमका कुणाच्या घरचा म्हणायचा?

१३ जानेवारी २०२४ रोजी आशियाई चषकात भारताची पहिली गाठ ऑस्ट्रेलियाशी पडली. अहमद बिन अली स्टेडियममध्ये ३५ हजारांहून अधिक लोक होते, आणि जिकडे बघावं तिकडे निळा रंग. मध्यंतरापर्यंत आपण त्यांना गोल करू दिला नव्हता. नंतर दोन झाले. त्या स्पर्धेत भारत तिन्ही सामने हरला, आपल्याला एकही गोल करता आला नाही. तरीसुद्धा सीरियाविरुद्धच्या शेवटच्या सामन्याला ४० हजारांच्या वर गर्दी होती. याच्या उलट चित्र मुंबईचं. जून २०१८ मध्ये अंधेरीच्या मैदानावर भारतानं चायनीज तैपेईला ५-० असं हरवलं तेव्हा जेमतेम अडीच हजार प्रेक्षक होते. मग सुनील छेत्रीला हात जोडून विनवावं लागलं, आमच्यावर टीका करा, पण मैदानात या. तेव्हा कुठे पुढचा सामना भरला.

गावी असताना जो माणूस स्टेडियमकडे फिरकला नसता, तो परदेशात तिकीट काढून का जातो? घरची ओढ हे उत्तर खरं आहे, पण अपुरं. आठवडाभर ज्याची ओळख हजेरीपत्रकावरच्या क्रमांकाइतकीच असते, त्याला इथं दीड-दोन तास आपल्या भाषेत, घसा बसेपर्यंत ओरडता येतं. त्याच्या शेजारी कोण बसलंय, साहेब की हेल्पर, हे त्या वेळात कुणी विचारत नाही. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर तालमींचे सामने पाहत वाढलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

२०२२ च्या विश्वचषकात ही गोष्ट जगासमोर आली, आणि विचित्र रीतीनं आली. कतारमध्ये राहणाऱ्यांसाठी तिकिटांचा एक वेगळा, चौथा वर्ग ठेवला होता. साखळी सामन्यांचं तिकीट ४० रियाल, म्हणजे तेव्हाचे साधारण नऊशे रुपये. तिथलं किमान मूळ वेतन महिन्याला हजार रियाल. म्हणजे दिवसभराच्या मजुरीपेक्षा थोडं जास्त. तिकिटासोबत ‘हय्या’ नावाचं ओळखपत्र लागायचं, ते दाखवलं की मेट्रो फुकट. आठही स्टेडियम दोहा आणि आसपासची, त्यामुळे एका दिवसात दोन सामने बघणं सहज जमायचं. स्पर्धा सुरू होण्याआधी अर्जेंटिना, ब्राझील, इंग्लंडचे शर्ट घालून, ढोल वाजवत मिरवणुका निघाल्या. त्यांत केरळचे लोक पुष्कळ होते. हे पाहून परदेशी माध्यमांत आणि समाजमाध्यमांवर चर्चा सुरू झाली, की हे चाहते खोटे, भाड्यानं आणलेले!

केरळात आणि बंगालात मॅराडोनाच्या काळापासून घराघरांत अर्जेंटिना-ब्राझील अशी वाटणी आहे, हे त्या मंडळींना ठाऊक नसावं. काही परदेशी चाहत्यांना आयोजकांनी प्रवासखर्च देऊन आणलं होतं, हेही खरं. त्यामुळे संशयाला जागा मिळाली. पण तो संशय नेमका सावळ्या चेहऱ्यांवर येऊन थांबला, हे मला खटकलं. ही स्टेडियम ज्यांनी बांधली त्यांत याच उपखंडातले मजूर मोठ्या संख्येनं होते, त्यातले काही परत गेलेच नाहीत. बांधायला चालतो तो माणूस बघायला बसला की खोटा कसा ठरतो?

आता थोडं खेळाकडे वळू. टीव्हीचा कॅमेरा चेंडूमागे धावतो. मैदानात बसलं की चेंडू नसलेले बाकीचे खेळाडू दिसतात, आणि बचाव म्हणजे काय ते तिथं कळतं. १० सप्टेंबर २०१९ रोजी दोह्यात भारतानं कतारला, तेव्हाच्या आशियाई विजेत्यांना, ०-० असं रोखलं. छेत्री आजारी होता. गोलरक्षक गुरप्रीतसिंग संधूनं फटक्यामागून फटके अडवले, ते सगळ्यांनी पाहिले. पण त्याच्या पुढे मुंबईचा राहुल भेके, गोव्याचे आदिल खान आणि मंदार राव देसाई आणि त्यांच्या जोडीला संदेश झिंगन, हे चौघं दोरीनं बांधल्यासारखे डावी-उजवीकडे सरकत होते. ती दोरी वरच्या स्वस्त रांगेतूनच नीट दिसते. महागाची जागा मिळाली नाही म्हणून हळहळू नये.

उलटही घडतं. ११ जून २०२४, पुन्हा दोहा, पुन्हा कतार. जिंकलो असतो तर भारत विश्वचषक पात्रतेच्या तिसऱ्या फेरीत पहिल्यांदाच पोचणार होता. छांगटेच्या गोलमुळे आपण पुढे होतो. ७३ व्या मिनिटाला गुरप्रीतनं अडवलेला चेंडू गोलरेषेबाहेर गेला, कतारच्या खेळाडूनं तो पायानं आत ओढला आणि दुसऱ्यानं जाळ्यात मारला. पंचांनी गोल दिला. त्या फेरीत व्हिडिओ पंच नव्हता. पुढे आणखी एक गोल होऊन आपण १-२ असे हरलो. लांबच्या गॅलरीत बसलेल्यांना एवढंच दिसलं की आपले खेळाडू पंचांभोवती जमून हातवारे करताहेत. चेंडू बाहेर गेला होता हे त्यांना सांगितलं भारतातून आलेल्या फोननं. रात्री जागून टीव्हीसमोर बसलेले घरचे लोक विचारत होते, “अरे, तू तिथं आहेस ना? मग तुला दिसलं नाही?”