चाळिशी आणि गाडीखालचे काम

दिंद्रुडसारख्या गावात जुनी जीप किंवा अ‍ॅम्बॅसेडर दुरुस्त करणारे हात बहुधा वयस्कच असतात. अ‍ॅम्बॅसेडरचे उत्पादन २०१४ साली थांबले. नव्या पोरांना तिचे सीबी पॉइंट ठाऊक नाहीत. त्या पॉइंटची फट अर्ध्या मिलिमीटरहून कमी. चाळिशीनंतर डोळ्यातील भिंग ताठर होते आणि नेमके हेच दिसेनासे होते.

त्यावर मिस्त्री दुहेरी भिंगाचा चष्मा घेतात. पण त्यात जवळचा नंबर खालच्या बाजूस असतो. गाडीखाली उताणे पडून वर पाहताना तो उपयोगी पडावा म्हणून मान मागे मोडावी लागते. मग मान धरते, दोष मात्र वयाला! कामासाठी एकाच नंबरचा वेगळा चष्मा करावा. वाचनाचा नंबर साधारण ३५ ते ४० सेंटिमीटरसाठी काढतात. इंजिन ५०-६० सेंटिमीटरवर असते. अंतर टेपने मोजून डॉक्टरांना सांगावे. त्याच वेळी डोळ्यांचा दाबही तपासून घ्यावा.

साधा चष्मा ग्राइंडरच्या ठिणग्या अडवत नाही. त्यावर बाजूंनी बंद असलेला गॉगल हवाच. लोखंडाचा कण बुबुळात रुतला तर डोळा चोळू नये, रुमालाच्या टोकाने कण काढू नये. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे.